माईंचा राहिलेला क्लोजअप

यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते काका आजही हयात आहेत. रोज सकाळी फिरायला जातात, कुणी विचारलं तर टाळाटाळ न करता सगळं सांगतात.

फक्त शेवट सांगत नाहीत. तो त्यांच्या घरच्यांकडून कळला.

आणि सुरुवात रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

पण स्टुडिओत दुपार कुठे असते? दार लोटलं की आत किती वाजले ते लाइटमन ठरवतो. त्या दिवशी तीन नंबरच्या फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगच्या हॉलमध्ये, त्याने रात्र लावली होती.

काका म्हणजे टीव्हीवरचा जुना, मुरलेला चेहरा. सेटवर चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. केस तिशीतच पिकले आणि तिथून पुढे ते कायमचे कुणाचे ना कुणाचे वडील झाले. मग न्यायाधीश, मग हेडमास्तर, मग आजोबा. आता वाहिनीने त्यांच्या कारकिर्दीवर खास कार्यक्रम ठेवला होता. मुलाखत घेणारी मुलगी चुणचुणीत होती.

"काका, पडद्यावर किती वेळा मेलात?"

"मोजलं नाही बाई. पण एकदा मेल्यावर परत बोलावलं होतं. प्रेक्षक कमी झाले म्हणून. घरच्यांनीसुद्धा माझी इतकी आठवण काढली नसती."

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मुलाखतीनंतर एक जुना प्रसंग करून दाखवायचा होता.

आणि काकांच्या लक्षात वाक्यं राहत नव्हती.

वर्षभर हे चाललं होतं. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धीर दिला, आणि वयाकडे बोट दाखवलं. काकूंशिवाय कुणालाच याचा पत्ता नव्हता. एका नव्या मालिकेतलं आजोबांचं काम जवळजवळ ठरलं होतं. तिचा निर्माता आज मुद्दाम येऊन मागच्या खुर्चीत बसला होता. इथे अडखळले असते तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी गावभर झाली असती. मग घरी बसायचं. काकांना मरणाची भीती नव्हती, या घरी बसण्याची होती.

प्रसंगही नेमका तो निवडला होता. माईंबरोबरचा.

माई म्हणजे त्यांची पडद्यावरची बायको. एका मालिकेत त्यांनी इतकी वर्षं संसार केला, की भाजीवाले खऱ्या काकूंना विचारायचे, "आज माई नाही आल्या?" काकू म्हणायच्या, "त्या अभिनय करतात, भाजी मीच नेते." दोघींची मैत्री मात्र घट्ट होती.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. क्लोजअप घेतात तेव्हा चौकटीत एकटाच माणूस असतो. समोरचा नट कॅमेऱ्याशेजारी अंधारात उभा राहून आपली वाक्यं बोलतो. याला क्यू देणं म्हणतात. त्यात ना चेहरा दिसतो ना टाळ्या मिळतात. म्हणून बरेच नट स्वतःचा क्लोजअप उरकला की मेकअप रूममध्ये जाऊन पाय वर करून पडतात. मग एखादा असिस्टंट कागदावरून वाक्यं वाचतो, वाण्याची यादी वाचावी तशी.

माई आणि काकांनी तसं एकदाही केलं नाही.

"तुझ्या तोंडावर दिवा असेल तोवर मी उभी," माई म्हणायच्या. "माझ्या तोंडावर असेल तोवर तू. एकतर्फी कारभार नको, म्हाताऱ्या."

म्हाताऱ्या. दोघंही चाळिशीत असल्यापासून त्या त्यांना हेच म्हणायच्या.

त्या मालिकेतला हा शेवटचा प्रसंग. नवरा-बायको घर सोडून चाललेत. माई तेव्हा खूप आजारी होत्या. काकांच्या क्लोजअपला त्या अंधारात उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून, खोकला दाबत. मग कॅमेरा त्यांच्याकडे फिरवायची वेळ आली, तेव्हा त्यांना घाम फुटला होता. दिग्दर्शक म्हणाला, "माई, तुमचा उद्या घेऊ."

जाताना त्या काकांना म्हणाल्या, "उद्या लवकर ये रे. माझा राहिलाय."

सकाळी फोन आला. माई झोपेतच गेल्या होत्या.

तो भाग तसाच दाखवला. माईंची फक्त पाठ, चेहरा काकांचा. लोक ढसाढसा रडले. त्या वर्षीचा पुरस्कार काकांना मिळाला.

तर तोच प्रसंग. गोदामातून त्याच दोन खुर्च्या आणल्या होत्या. माईंच्या खुर्चीचा हात मोडलेला होता, तो तारेने बांधला होता. काका आपल्या खुर्चीत बसले. तोंडावर दिवा आला. कॅमेऱ्याशेजारी दाढीवाला असिस्टंट कागद घेऊन उभा राहिला.

"ॲक्शन."

काकांच्या डोक्यात काहीच नव्हतं. पाटी कोरी.

असिस्टंटनं पहिलं वाक्य वाचायचं होतं. तोही गप्प. मागे निर्मात्याची खुर्ची करकरली. काकांच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला.

आणि मग अंधारातून...

"सगळं बांधून झालं?"

बाईचा आवाज. थोडा घोगरा.

काकांच्या तोंडात शब्द आपोआप आला. "झालं. भिंतीवरचे खिळे तेवढे राहिलेत."

"राहू दे. पुढच्यांना लागतील."

"किल्ली कुठे ठेवू?"

"माझ्या हातात द्या... तुम्ही पुढे व्हा. मी दिवे मालवून येते."

काकांचे डोळे भरून आले. ते अभिनयाचं पाणी नव्हतं. "एकटी नको थांबूस. मी थांबतो तुझ्यासोबत."

"कट."

टाळ्या वाजल्या. निर्मात्यानं येऊन हात हातात घेतला, काम पक्कं झालं. असिस्टंट मात्र खाली मान घालून आला.

"सॉरी काका. अंधारात मला अक्षरच दिसेना. मी एकही वाक्य वाचलं नाही. तुम्हीच थांबत थांबत सांभाळून घेतलंत."



साउंडवाला कानावरचे हेडफोन काढून उलटसुलट करून पाहत होता.

"काका, मधे मधे कुणी... खोकला दाबत होतं का?"

जेवणाची सुट्टी झाली होती. दिवे विझवले, माणसं बाहेर पडली. काका दारापर्यंत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, चष्मा सेटवर राहिला.

ते एकटेच परत फिरले.

आत काळोख. हाताला लागतील त्या वस्तू चाचपत ते निघाले. टेबल. पडदा. पंखा बंद होता, तरी पडद्याची कड हलत होती.

आणि मग समोर...

एक दिवा जळत होता.

माईंच्या खुर्चीवर.

कॅमेरा फिरवलेला होता. मघाशी तो काकांच्या खुर्चीकडे बघत होता, आता समोरच्या. त्याच्यावर लाल ठिपका लागला होता, म्हणजे चित्रीकरण चालू होतं.

खुर्ची रिकामी होती. पण तारेने बांधलेला हात... करकरला. कुणी त्यावर कोपर टेकवावं तसा.

"चल म्हाताऱ्या. आता माझा."

काका सांगतात, पळावंसं वाटलं. पण पाय दाराकडे वळलेच नाहीत. इतक्या वर्षांची सवय. ते आपसूक कॅमेऱ्याशेजारी गेले आणि अंधारात जाऊन उभे राहिले. भीती होती, आणि त्या भीतीच्या तळाशी माईंची आठवण होती. तिनेच त्यांना जास्त हलवलं.

प्रश्न आला. काकांनी क्यू दिला.

"झालं. भिंतीवरचे खिळे तेवढे राहिलेत."

रिकाम्या खुर्चीतून उत्तर आलं. आधी खिळ्यांचं, मग किल्लीचं. आवाज स्पष्ट होत गेला. घोगरेपणा गेला. माई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा जसा होता, तसा झाला. आणि काकांच्या हाताची बोटं गार पडत गेली. आधी टोकं... मग पंजा... मग मनगट.

"तुम्ही पुढे व्हा. मी दिवे मालवून येते."

आता काकांचं वाक्य. शेवटचं. ते ऐकून माई वर बघणार, हसणार, आणि दिवा मालवणार. मग त्यांचा शॉट पुरा होणार.

काकांनी तोंड उघडलं.

वाक्य आठवेना.

मघाशीच बोललेलं वाक्य. जिभेवर होतं आणि येत नव्हतं. ज्या विसरण्याला ते वर्षभर शिव्या देत होते, ते नेमकं तेव्हा आडवं आलं. खुर्ची वाट बघत होती. दिवा वाट बघत होता. गारठा खांद्यापर्यंत चढला.

"बोल ना रे..."

दार उघडलं. बाहेरचा उजेड आत आला. असिस्टंट म्हणाला, "काका, जेवायला येताय ना? अंधारात काय करताय?"

दिवा विझलेला होता. काकांचा उजवा हात दुपारभर उचलला गेला नाही.

संध्याकाळी कॅमेरामननं काकांना बाजूला घेतलं. कॅमेरा आपण बंद करून गेलो होतो असं तो शपथेवर सांगत होता. पण त्यात एक शॉट टिपला गेला होता. त्यानं तो दाखवला. चित्रात रिकामी खुर्ची, आवाज फक्त काकांचा. मधे मधे वाक्याएवढी शांतता.

"काका, हे बघा. खुर्ची धूसर आहे," तो म्हणाला. "फोकस खुर्चीवर नाहीच. तिच्या थोडा पुढे आहे. बसलेल्या माणसाचे डोळे असतात ना... तिथे."

एवढं बोलून त्यानं स्क्रीन बंद केला.

घरी आल्यावर काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू खमक्या बाई. त्या म्हणाल्या, "ते वाक्य या घरात कुणी उच्चारायचं नाही. विसरलात ते देवानेच केलं." कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा त्यांनी प्रसंग यायच्या आधीच बटण बंद केलं. मुलगा, सून, सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

काकांनी काम मात्र सोडलं नाही. नव्या मालिकेत आजोबा झाले. आणि गंमत म्हणा किंवा आणखी काही, ते एकदाही अडखळत नाहीत. पानंच्या पानं एका दमात बोलतात. तरुण नट तोंडात बोटं घालतात. निर्माता म्हणतो, या वयात ही स्मरणशक्ती!

काकूंनी एकदा खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "क्यू देते ती. रोज. माझ्या तोंडावर दिवा असतो तोवर उभी असते."

"मग तुम्ही घरी बसा. नको ते काम."

"घरी बसून काय भिंती मोजू? आणि ती उभी राहते, ते फुकट नाही गं. एकतर्फी कारभार तिला कधीच चालला नाही."

काकू त्या रात्री जेवल्या नाहीत.

हे सगळं इथवर काका स्वतः सांगतात. पुढचं काकूंनी सांगितलं.

परवाची गोष्ट. जेवणं आटोपली होती. मुलगा-सून आपल्या खोलीत गेले. काका आरामखुर्चीत बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. काकू बाहेरच्या खोलीचे दिवे बंद करायला उठल्या. बटणापाशी गेल्या. हात वर केला.

मागून काका बोलले. शांत, स्वच्छ आवाजात.

"एकटी नको थांबूस. मी थांबतो तुझ्यासोबत."

काकूंचा हात तिथेच राहिला.

काका लहान मुलासारखे हसत होते. "आठवलं! अगं, आठवलं मला. तू अगदी बरोबर सुरात म्हणालीस ना, त्यामुळे."

"काय म्हणाले मी?"

"तुम्ही पुढे व्हा, मी दिवे मालवून येते."

काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

उद्या काकांचं शूटिंग आहे. तीन नंबरच्या फ्लोअरवर. काकूंनी समजावलं, मुलानं गाडीची किल्ली लपवली, सून रडली. काका कुणावर चिडले नाहीत. त्यांनी कपडे इस्त्रीला दिले, घड्याळाचा गजर लावला आणि एवढंच म्हणाले,

"सकाळी लवकर उठवा रे मला. तिचा राहिलाय."