चार शून्यांची अँबेसेडर

"पुन्हा बंद पडली," मोनिका म्हणाली.

आंधळगावात मामांच्या दारापुढे उभ्या असलेल्या जुन्या अँबेसेडरचे इंजिन त्या दुपारी तिसऱ्यांदा आपोआप थांबले होते. दिवस भरत आलेल्या शेवंतामामींना उद्या याच गाडीने भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. सुटीला आलेल्या मोनिका आणि अंकुश या भावंडांना आता त्या गाडीचे भय वाटू लागले होते.

आठवड्यापूर्वी भुपेंद्र मिस्त्रीने तिला नवा डिस्ट्रिब्युटर बसवला होता. इंजिनात ठिणगी केव्हा पडावी, हे आता मोबाइलवरून ठरे. भुपेंद्रच्या मते हा विज्ञानाचा विजय होता. आणि विजयी माणसे माहितीपुस्तिका वाचत नाहीत.

"मामाजी, चढावर इंजिन खडखडते. ठिणगी लवकर पडून राहिली असन," अंकुश म्हणाला.

"तू सातवीत, तो पंधरा वर्षांपासून मिस्त्री," चंद्रभानमामांनी निकाल दिला. त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली.

रस्त्यापलीकडे टपरीच्या बाकावर भुपेंद्र मित्रांना मोबाइल दाखवत होता. त्याचा अंगठा हलला. इंजिन थांबले. बाकावर हशा पिकला.

"अंकुश," मोनिका हळूच म्हणाली, "गाडी बंद पडून नाही राहिली. तो पाडून राहिला."

गाडीच्या कप्प्यात पुस्तिका होती, पिशवीसुद्धा न फोडलेली. चौथ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: मूळ संकेतांक चार शून्ये, गाडी वापरण्यापूर्वी बदलावा. मोनिकाने मामींच्या मोबाइलवर त्या डिस्ट्रिब्युटरचे ॲप उतरवून घेतले.

मग ती टपरीवर गेली. "भुपेंद्रदादा, मामाजीले दाखवा ना तुमची जादू."

स्तुतीला भुपेंद्र तत्काळ उठला. त्याने मामांदेखत चालू इंजिन बंद केले आणि मोबाइल खिशात घातला.

मामांचा चेहरा उतरला. "दुसऱ्या कोणाले जमते हे?"

"कोणाले नाही. नंबर फक्त माह्यापाशी."

मामांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. मोनिकाने मामींच्या मोबाइलवर चार शून्ये टाकून 'बंद' दाबले. इंजिन थांबले.



"अन् उद्या ट्रकच्या समोर कोणी दाबलं असतं त?" दारातून मामींनी विचारले. "मी आत असती, बाप्पा."

मामांनी भुपेंद्रच्या हाती पुस्तिका दिली आणि त्याच बाकावर, त्याच मित्रांसमोर, ती मोठ्याने वाचायला लावली. सातव्या पानावर त्याचा आवाज अडखळला: त्याने शर्यतीच्या इंजिनाचा ठिणगीच्या वेळांचा तक्ता या म्हाताऱ्या इंजिनावर चढवला होता! अंकुश पान धरून उभा राहिला, आणि भुपेंद्रने अँबेसेडरचा तक्ता भरला. खडखड थांबली.

"पोट्टेहो, डोकं तुमच्याकडेच आहे," मामा म्हणाले. "आता नवा नंबर टाका."

"तो मी टाकीन," मामी म्हणाल्या. त्यांनी मोबाइल पदराआड धरला, चार आकडे दाबले आणि ते कोणालाच सांगितले नाहीत, मामांनाही नाही.