आवाज पोचत नाही तिथे

"जिथे तुमचा आवाज पोचणार नाही, तिथे जाऊन राहीन मी!" उंबऱ्यात उभी राहून सून म्हणाली, आणि भिंतीला कान लावून बसलेल्या शेजारणींना ऐन भांडणात हसू फुटलं, कारण अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर असेल यावर त्या गल्लीत कुणाचाच विश्वास नव्हता.

भोंगाकाकूंचा आवाज होताच तसा! नदीच्या धक्क्यावर उभं राहून सुटणाऱ्या होडीची हाळी द्यायची, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांची हाळी गेली की पलीकडच्या काठावर न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी धावत सुटे. एकदा भर पुरात त्या "थांबा!" म्हणून ओरडल्या, तर नदीसुद्धा घटकाभर थबकली, असं होडीवाले शपथेवर सांगत. पण त्या दिवशी सून एक पेटी आणि एक नवरा घेऊन पायऱ्या उतरू लागली, तेव्हा त्याच कंठातून "थांब गं" एवढं साधं फुटेना... अडकलं ते अडकलंच!

कारण मनातून त्यांना ठाऊक होतं. सातव्या महिन्यात सुनेचे पाय सुजले, चेहरा सुजला, डोकं ठणकू लागलं, तेव्हा त्याच गरजल्या होत्या, "सगळ्यांचेच सुजतात! आम्ही काय दवाखाने बघून बाळंत झालो?" मग झटके आले, होडीत घालून पोरीला दवाखान्यात नेलं. ती वाचली... बाळ नाही वाचलं. सुनेनं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच काकूंना सोसवेना. अपराधानं पोळलेलं त्यांचं मन रोज कशावरून तरी भडके; भांड्यावरून, केरावरून, मिठावरून... आणि शेवटी घर रिकामं झालं.

मुलगा अधूनमधून फोन करी, पण "बरी आहेस ना?" याच्या पुढे बोलणं सरकत नसे. अखेर बटणं विकणाऱ्या एका फेरीवालीनं होडीतून उतरता उतरता बातमी टाकली, "काकू, डोंगरापलीकडच्या बाजारात तुमची सून दिसली हो. पोटुशी आहे!"

काकू तडक दवाखान्यात गेल्या. तिथल्या नर्सताई कधीच्या त्यांच्या मागे लागल्या होत्या. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या गावात डॉक्टर फिरकत नाही, अशा गरोदर बायकांना दर आठवड्याला फोन जायचा. त्यात कुणीतरी आपल्या बोलीत सांगायचं, या महिन्यात काय खा, काय जप, कधी धाव. त्यासाठी आवाज हवा होता. "माझ्या आवाजानं एक घर मोडलंय, आणखी किती मोडू?" असं म्हणून काकूंनी ताईंना परतवून लावलं होतं.

आज त्यांनी एवढंच विचारलं, "डोंगरापलीकडेही जातो का गं तुझा फोन?"

"तिकडच्या दवाखान्यांनीही नावं नोंदवलीत, काकू."

"मग चल. कुठे बोलायचं ते दाखव."

औषधांच्या कोठीत भिंतींना गाद्या टेकवून आवाज भरून घ्यायची सोय केली होती. काकूंनी पहिला शब्द उच्चारला आणि फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. माइक टेबलावरून खिडकीत गेला, खिडकीतून व्हरांड्यात. शेवटी तो अंगणातल्या झाडाला टांगावा की काय, असा विचार सुरू झाला!

"काकू," नर्सताई हात जोडून म्हणाल्या, "होडी सुटत नाहीये. लेकीच्या उशाशी बसून बोलताय असं समजा."

लेकीच्या उशाशी... काकूंनी डोळे मिटले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला, इतका मृदू, इतका ओला, की ताईंनी पुढची ओळ सांगायची विसरून पदर डोळ्यांना लावला. निरोप संपला तरी काकू थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

"हे कागदावर नाही, काकू."

"कागदाला भूक लागत नाही. पोरींना लागते."

ते तसंच राहिलं. गावोगावच्या बायका फोनला "हो, जेवले" म्हणून उत्तर देऊ लागल्या. एकीनं तर पुरावा म्हणून रिकामं ताट फोनपुढे धरलं म्हणतात!

सहाव्या महिन्याचे निरोप झाले आणि काकूंचा घसा बसला, तो सुटेचना. दवाखान्यातल्या पडद्यावर मोठ्या शहरातले सर्जन आले. नर्सताईंनी कॅमेऱ्याची बारीक नळी घशात उतरवली, तिकडून त्यांनी पाहिलं. म्हणाले, "गाठ आहे. आजपासून बोलणं बंद. लगेच ऑपरेशन केलं तर थोडाफार आवाज वाचेल. उशीर केलात, तर त्याची आशा धरू नका."

"आणि माझा सातवा महिना?" काकूंनी विचारलं. सर्जन क्षणभर गोंधळलेच, बिचारे!

"आम्ही दुसरा आवाज शोधू, काकू," नर्सताई व्याकुळ होऊन म्हणाल्या.

"मधेच दुसरी बाई बोलायला लागली तर पोरींना वाटेल म्हातारी गेली. आणि सातव्यातलं जे सांगायचंय... ते माझ्याशिवाय कुणी सांगू नये गं."

त्या पुन्हा गाद्यांच्या मधे बसल्या. ताईंनी ओळ सांगितली: पाय-चेहरा सुजला, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच दवाखान्यात जावे. काकूंचा आवाज जुन्या कापडासारखा फाटत होता, तरी त्या शब्द न् शब्द बोलल्या आणि मग कागद सोडून म्हणाल्या, "घरातली म्हातारी म्हणेल, सगळ्यांचेच सुजतात. तिचं ऐकू नकोस! मी असंच म्हणाले होते... माझं नातवंड गेलं. तू ऊठ, बाळा. आत्ता नीघ. वाट अडवली तर तिला माझं नाव सांग." थोडं थांबून, अगदी पुटपुटत, "जेवलीस का गं?"

ताईंनी त्यातला एक शब्दही कापला नाही. आठवा महिना कुजबुजीत झाला, नववा नुसत्या श्वासात. आणि मग ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

धक्क्यावर आता पत्र्याचा खरा भोंगा बसला. काकू घरात बसून तो ऐकत आणि मनातल्या मनात त्याला नावं ठेवत. त्यांना एकच गोष्ट छळे. आपला आवाज पोचला का? पोरगी कशी आहे? मुलाचा फोन वाजे, पण उचलून विचारणार कसं... आणि कुठल्या तोंडानं!

अशाच एका दुपारी दार वाजलं.

"आई... जेवलात का?"

दारात सून होती. मागे मुलगा, आणि सुनेच्या कवेत दुपट्यात गुंडाळलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं काहीतरी झोपलेलं! काकूंनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. डोळ्यांतून मात्र अश्रूंची धार लागली.

"पहिल्या फोनला ओळखलं मी तुम्हाला," सून रडता रडता हसत म्हणाली. "फोन पिठाच्या डब्यात कोंबला! तरी पुढच्या आठवड्यात आलाच. मग एकदा चुकून 'हो, जेवले' म्हणून गेले... आणि सातव्यात पुन्हा तसंच झालं, आई. पाय, डोकं, अंधारी... घरमालकीणही म्हणाली, 'सगळ्यांचेच सुजतात.' फोनमधून तुम्ही म्हणालात, ऊठ. मी उठले. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर दोघीही..."

"आई, तुझा आवाज गेला हे आम्हाला कालच कळलं गं," मुलानं पायांवर डोकं ठेवलं. "ताईंनी सांगितलं. का केलंस असं?"

काकूंनी एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा सुनेकडे पसरला. सुनेनं तो गालाशी घट्ट धरला. "तुमचा आवाज पोचणार नाही अशी जागा खूप शोधली हो," ती हळूच म्हणाली. "मिळालीच नाही."

मग तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. नात होती. काकूंनी वात्सल्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले. झोपमोड झाली, पोरीनं डोळे किलकिले केले, जबडा वासला, छाती भरून घेतली आणि असा काही टाहो फोडला, की फळीवरची भांडी किणकिणली, शेजारणी दारादारांत आल्या, आणि काठ सोडून निघालेली होडी आपल्यालाच कुणी बोलावतंय असं समजून नदीच्या मध्यातून परत फिरली!

काकू गदगदा हसत होत्या... अगदी आवाज न करता.