प्रश्नाच्या जागी

दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांसाठी पत्रकारितेची कार्यशाळा भरते, तिथे मी एडिटिंग शिकवतो. जुन्या छापखान्याच्या इमारतीतला वरचा मजला त्यासाठी मिळतो. यंत्रं केव्हाच गेली, पण जिन्यात शाईचा वास अजून आहे. वर एक लांबट वर्ग आणि त्याला लागून माझी खोली: दोन संगणक, खिडकीला चिकटवलेला काळा कागद, आणि घरघरणारा एसी. रेकॉर्डिंग असलं की तो बंद करावा लागतो, मग सगळे घामाने निथळत बसतात.

कार्यशाळा चालवणाऱ्या बाई पूर्वी वार्ताहर होत्या. बातमी कशी लिहायची ते त्या शिकवतात, एडिटिंगबरोबर मुलाखत कशी घ्यायची तेही मी. पहिल्याच दिवशी मी मुलांना एक युक्ती सांगतो. उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. गप्प बसा. समोरच्या माणसाला शांतता सोसत नाही. ती भरून काढायला तो जे बोलतो, ते कामाचं असतं.

यंदाच्या मुलांत ही युक्ती एकीलाच जमली. तिला सगळे चिमणी म्हणत. आवाज इतका बारीक, की हजेरीच्या वेळी बाई मान वर करून ती आलीय का ते बघत. बाकीच्यांची मुलाखत म्हणजे पोलिसांची चौकशी. ही स्टँडवर कॅमेरा लावायची, माईक अडकवायची आणि समोर बसून राहायची.

तिने पहिली मुलाखत घेतली कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची. मी केस त्याच्याकडेच कापतो. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कात्री थांबते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पण या मुलाखतीत तो जे बोलला, ते इतकी वर्षं त्याच्या खुर्चीत बसून मी कधी ऐकलं नव्हतं. भावाशी तुटलेलं बोलणं. दुकान बंद करताना आरशांकडे पाठ करून निघायची सवय. वर्गात ते बघताना मुलं पुढे सरकून बसली.

"ही पोरगी नाव काढणार," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या.

मला एक गोष्ट खटकली. सलूनवाला चिमणीकडे बघत नव्हता. कॅमेऱ्याकडेही नाही. त्याची नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे, जरा वर होती. उंच माणूस शेजारी उभा असावा तशी.

"तिथे कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही सर. भिंत होती."

"आणि तुझे प्रश्न कुठेत? कापलेस का?"

"मी एकच विचारला. नाव काय म्हणून." ती ओशाळली. "पुढे ते आपले आपणच बोलले."

मुलाखतीच्या शेवटी सलूनवाला काहीतरी ऐकल्यासारखा थांबला, हसला, खांदे उडवून म्हणाला, "घ्या की." मला वाटलं, माईक परत करतोय.

दुसरी मुलाखत वाचनालयातल्या बाईंची. त्याही डावीकडे, वर बघत होत्या. बोलता बोलता थांबायच्या, मान किंचित कलती करायच्या, मग उत्तर द्यायच्या. "नाही, लग्न नाही केलं." थांबल्या. "विचारलं होतं. मीच नको म्हटलं." थांबल्या. मुलं टाळ्या वाजवायची तेवढी राहिली होती. मीही त्या थांबण्यांचं कौतुकच केलं.

घरी ताईला हे सगळं सांगितलं. ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी झाली, निवृत्त झाली, तरी बोलणं थांबलं नाही. भाजी चिरताना भाजीशी, कपडे वाळत घालताना कपड्यांशी. आमच्याकडे रेडिओची गरजच पडली नाही.

"आण की तिला एकदा," ताई म्हणाली. "माझी मुलाखत घ्यायची कोणाला अक्कल आहे बघू."

आठवडा संपताना मी केस कापायला गेलो. सलूनवाल्याने कापड झटकलं, गळ्याभोवती बांधलं, आणि कामाला लागला. कात्री थांबली नाही. मी ऊन म्हटलं, क्रिकेट म्हटलं. आरशात तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, एवढंच. पडद्याआडून त्याची बायको बाहेर आली.

"घसा बसलाय का?" मी तिला विचारलं.

"घसा चांगलाय म्हणतात डॉक्टर. जिभेला काही नाही, डोक्याला काही नाही." ती नवऱ्याकडे बघत राहिली. "त्या मुलीने शूटिंग केलं ना, त्या दिवसापासून. रुसलेत म्हणाल तर तसंही नाही. बोलायचं असतं हेच विसरल्यासारखे बसतात."

मी वाचनालयावरून गेलो. बाई नेहमीच्या जागी होत्या. मी हाक मारली. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं नाही, पुस्तकांच्या रांगेकडे बघितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. शेजारचा शिपाई दबक्या आवाजात म्हणाला, "काही विचारू नका साहेब. आम्ही थकलो विचारून."

मी विश्वास ठेवणारा माणूस नाही. योगायोग असेल, साथ असेल, उन्हाचा त्रास असेल, असं म्हणतच कार्यशाळेत आलो. तरी एसी बंद केला, हेडफोन लावले आणि दोन्ही मुलाखती उघडल्या.

जगातली कुठलीही खोली गप्प नसते. पंखा असतो, रस्ता असतो, माणसाचा श्वास असतो. काहीच नसलं तर माईकची स्वतःची सळसळ असते. संगणकावर ती रेघेसारखी दिसते, पण त्या रेघेला कायम बारीक कुसळं असतात. या दोघांच्या प्रत्येक थांबण्यात रेघ सरळ होती. पट्टीने ओढल्यासारखी. सलूनमधला पंखा गरगर फिरताना दिसत होता आणि त्याचा आवाज नव्हता. सलूनवाला बोलायला लागला की पंखाही परत यायचा.

मी आवाज शेवटापर्यंत वाढवला. काही नाही. माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

कार्यशाळेच्या बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कॅमेरा बिघडला असेल. त्यात एवढं काय?"

"एकच कॅमेरा आहे का सगळ्यांचा?"

"एकच." त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. "पण बाकीच्या मुलांचं रेकॉर्डिंग नीट आहे, नाही का?"

"नीट आहे."

बाईंनी दाराकडे बघितलं. दारात चिमणी उभी होती. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"तुमच्याकडे सर. ताईंनी सकाळी फोन करून बोलावलं." ती हसली. "इतकं छान बोलल्या."

मी घरी फोन लावला. पलीकडे उचलला गेला. फोन उचलल्यावर "बोला" म्हणायची ताईची एक्सचेंजमधली सवय होती. मी वाट बघितली. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं टपटपणं मला ऐकू येत होतं. तिचा श्वास ऐकू येत होता.

"ताई?"

नळ टपटपत राहिला.

मी रिक्षाने घरी गेलो. ताई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. उठून पाणी दिलं. मी तिचे दोन्ही हात धरले, ओरडलो, गयावया केली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का पाहिलं. कागद पेन दिलं तर पेन धरलं, कागदाकडे बघितलं, आणि पेन नीट टोपण लावून मला परत दिलं.

डॉक्टर झाले. मोठ्या शहरातले झाले. सगळे म्हणाले, सगळं ठीक आहे.

कार्यशाळा बाईंनी अर्ध्यात गुंडाळली. चिमणीने कॅमेरा सोडला. ती अधूनमधून येते, ताईजवळ बसते, शेंगा सोलू लागते. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच रडली.

"मी खरंच काही विचारलं नाही सर. तुम्ही सांगितलंत तशी गप्प बसले."

मी बाजूला सरकलो, तिला आत घेतलं.

ताईची मुलाखत बघायला मला फार दिवस लागले. बघितली तीही भर दुपारी, दार उघडं ठेवून.

ताई आमच्याच खुर्चीत बसलेली. नजर डावीकडे, वर.

"कंटाळा? छे. बोलत राहिलं की घर भरलेलं वाटतं."

सरळ रेघ.

"हो, लहान होता. रात्री घाबरायचा. मग मी त्याला झोप लागेपर्यंत बोलत बसायचे. तीच सवय लागली."

सरळ रेघ. खूप लांब. ताईच्या कपाळावर आठी पडली.

"सगळं? सगळं कशाला हवंय तुम्हाला?"

सरळ रेघ.

"त्याच्यासाठी थोडं ठेवलं तर नाही का चालणार?"

सरळ रेघ.

ताईने मान खाली घातली. साडीचा पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "घ्या."

तिचा आवाज आता फक्त तिथेच आहे. म्हणून मी ती मुलाखत रोज बघत होतो. चारपाच वेळा बघितल्यावर लक्षात आलं की कंटाळ्याचं वाक्य येत नाही. ताईचे ओठ हलतात, रेघ सरळ राहते. पुढे रात्री घाबरण्याचं वाक्य गेलं. मी प्रती काढून ठेवल्या होत्या, दुसऱ्या संगणकावर, बाईंकडे. सगळ्या तपासल्या. सगळ्यांत तेवढंच उरलं आहे.

आता मी ती उघडत नाही. शेवटची उघडली तेव्हा तिच्या तोंडून एकच वाक्य आलं, तेही अर्धं. "त्याच्यासाठी थोडं."

ते म्हणताना ती डावीकडे बघत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती. मग तिने मान किंचित कलती केली, आणि मी काय उत्तर देतोय ते ऐकायला थांबली.