यंदा कडुनिंब नाही

सत्कार आधी की चाचणी आधी, यावरून प्रयोगशाळेत सकाळपासून कुजबूज चालली होती.

"चाचणी आधी उरकू या, सर," डॉ. शर्वरी कानडे तिसऱ्यांदा म्हणाली. "मग शाल, नारळ, काय ते."

"फोटोग्राफरला बारा वाजता निघायचंय," संचालक डॉ. निखिलेश पोंक्षे म्हणाले, आणि विषय मिटला. पुण्याबाहेर टेकडीच्या पोटात बांधलेल्या या चित्ररुची केंद्रात माणसाच्या मेंदूतली बारीकशी थरथरही टिपणारी यंत्रं होती. पण शाल-श्रीफळाशिवाय पाहुण्याचं काम सुरू करता येतं, हे तिथं अजून कुणाला पटलेलं नव्हतं.

सत्कारमूर्ती खुर्चीत ताठ बसल्या होत्या. इंदुमती शेळके, वय सहासष्ट, मुक्काम कोल्हापूर, वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे तपासले आणि तीसच वर्षं सिनेमे. दर गुढीपाडव्याला वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांची यादी त्या काढत. पानाच्या डाव्या बाजूला साखरगाठी, म्हणजे मनापासून आवडलेले. उजव्या बाजूला कडुनिंब, म्हणजे ज्यांनी तोंड कडू केलं ते. प्रत्येकापुढं कारण, आणि कितव्या मिनिटाला गाडं घसरलं त्याची नोंद. आधी ही यादी गल्लीतल्या फळ्यावर लागायची, मग फोनवरून फिरायला लागली. आता तिची वाट पाहणारे लाखांत होते. नटाचं देखणेपण नाही, दिग्दर्शकाचं नाव नाही, कशाचीही भीड नाही. काट्याला ओळखदेख नसते, असं त्या म्हणत.

आज त्यांच्या पिशवीत यंदाची वही होती आणि त्या वहीनं त्यांचा जीव खाल्ला होता. पाडवा दहा दिवसांवर आला होता. एकाहत्तर सिनेमे पाहून झाले होते. डावी बाजू भरून समासात गेली होती आणि उजवी बाजू कोरी होती. एकही कडुनिंब नाही.

पहिले काही महिने त्यांना वाटलं, चला, मराठी सिनेमाला बरे दिवस आले. मग शंका येऊ लागली. ज्या माणसाला सगळंच गोड लागतं त्याला वैद्याकडं न्यावं लागतं. आपलीच जीभ मेली असेल तर? तीस वर्षं लोकांनी ज्या निवाड्यावर विश्वास टाकला तोच गंजला असेल तर यादी कुठल्या तोंडानं काढायची?

त्यात रझियानं साथ सोडली. रझिया मुल्ला, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींचं एकाही सिनेमावर कधी एकमत झालेलं नव्हतं, आणि म्हणून थिएटरापासून घरापर्यंतच्या वीस मिनिटांच्या रस्त्याला त्यांना दोन तास लागत. दिवाळीनंतर रझियानं सांगून टाकलं होतं, "इंदे, तू जा बाई एकटी. मला समदे पिच्चर एकाच हातच्या आमटीवानी लागत्यात. आन् तू तर आजकाल भांडत बी न्हाईस."

ते बोलणं इंदुमतीबाईंना फार लागलं होतं. म्हणून 'आदर्श प्रेक्षक' म्हणून सत्काराचं पत्र आल्यावर त्यांनी पुण्याची गाडी धरली. शाल नको होती. या शहाण्या माणसांना एकच विचारायचं होतं, माझी जीभ मेली का?

शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. पोंक्षे भाषणाला उभे राहिले.

"इंदुमतीताईंना कल्पनाही नसेल," ते हसत म्हणाले, "पण गेलं वर्षभर मराठीतला प्रत्येक सिनेमा इतरांच्या आधी त्या पाहताहेत!"

"मी?"

"तुमचं प्रतिमन."

शर्वरीनं डोळे मिटून घेतले. हात दाखवून अवलक्षण, असं काहीतरी ती पुटपुटली.

"सोपं करून सांगा," इंदुमतीबाई म्हणाल्या. नारळ त्यांनी टेबलावर ठेवला.

सोपं करून शर्वरीनं सांगितलं. "आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका अभ्यासासाठी तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीनं कपाळाला भाळपट्टी बांधून सिनेमे पाहिले होते. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? दोघींना वर्षभराचा पास मिळाला होता."

"पडद्यावर काय चाललेलं असताना मेंदूचा कुठला भाग कसा जागा होतो, ते त्या पट्टीनं टिपलं. त्याला आम्ही तुमच्या सगळ्या याद्या जोडल्या, आणि तेव्हा खेळानंतर टिपलेली तुम्हा दोघींची भांडणंही. त्यातून यंत्रात तुमच्या आवडीनिवडीची हुबेहूब नक्कल उभी राहिली. तेच प्रतिमन. निर्माते सिनेमा आधी आमच्याकडं देतात. आम्ही तो प्रतिमनाला दाखवतो. ते कंटाळलं तिथं कापायचं, चिडलं तिथं बदलायचं. नटांना पुन्हा बोलवावं लागत नाही, यंत्रच दृश्य नव्यानं घडवतं. प्रतिमनाला कुठंही कडू लागेनासं झालं, की सिनेमा थिएटरात."

"किती आहेत असली प्रतिमनं?" इंदुमतीबाईंचा आवाज बदलला. दुकानात शिरून 'वजनं काढा' म्हणतानाचा तो आवाज होता.

पोंक्षेंना तो ओळखता आला नाही. ते उत्साहानं म्हणाले, "चाळीस हजारांपासून सुरुवात केली होती! पण एकाला रडू यायचं तिथं दुसरा जांभई द्यायचा. सरासरी काढली तर सिनेमाची पेज झाली. म्हणून ज्याचा निवाडा वर्षानुवर्षं डळमळत नाही असा माणूस शोधला. एकच."

"एकच?"

"तुम्ही!"

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. पुढं तो केंद्राच्या भिंतीवर काही लागला नाही, कारण त्यातल्या बाई नारळ फेकायच्या बेतात असल्यासारख्या दिसत होत्या.

इंदुमतीबाईंना आधी हायसं वाटलं. जीभ शाबूत होती! मग लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर त्यांच्या चवीचं अन्न साऱ्या महाराष्ट्राच्या ताटात वाढलं जात होतं. रझियाच्याही. आणि रझिया म्हातारी झाली, तिला आता काही रुचत नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या.

"थिएटरं निम्मी रिकामी का असतात हो, डॉक्टर?"

"असतील, पण ताई, एकाही प्रेक्षकाची तक्रार नाही!"

"गिऱ्हाईक दुकानात असतं तोवर तक्रार करतं. मग ते यायचंच बंद होतं. हे बंद करा."

"ते आता कसं शक्य आहे?" पोंक्षे समजुतीनं म्हणाले. "अभ्यासाच्या वेळी तुम्ही दिलेली संमती वीस वर्षांची आहे. सही आहे तुमची."

"एक वाट आहे," शर्वरी हळूच म्हणाली. पोंक्षेंनी डोळे वटारले तरी ती थांबली नाही. "कायद्यानं प्रतिमन दरवर्षी मूळ माणसाशी ताडून पाहावं लागतं. शंभरात नव्वद जुळलं तरच शिक्का मिळतो. नाही जुळलं तर ते वापरता येत नाही. आजची चाचणी त्याचीच आहे."

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच."

"पण खोटं बोलून उपयोग नाही हं," पोंक्षे म्हणाले. "तोंडानं काहीही म्हणा, भाळपट्टी मेंदूचं ऐकते."

"तीस वर्षांत यादीत खोटं लिहिलं नाही. आज कशाला लिहू?"

"मग प्रश्नच नाही. साखर कुठल्या कारखान्याची हे कळल्यानं ती काही कडू होत नाही!"

अतिशहाण्याशी वाद घालण्यात इंदुमतीबाईंना रस नव्हता. त्यांनी शालीची घडी केली आणि कपाळ पुढं केलं.

एकाहत्तर सिनेमांतलं एकेक दृश्य दाखवायचं, भाळपट्टीनं बाईंचा मेंदू वाचायचा आणि तेच दृश्य पाहताना प्रतिमनाचं काय झालं होतं त्याच्याशी ताडायचं, अशी चाचणी होती. पहिलं दृश्य 'तिसऱ्या मजल्यावरचं घड्याळ'मधलं लागलं. यंदाची पहिल्या क्रमांकाची साखरगाठ. दहा वर्षांनी घरी आलेला मुलगा दारात उभा आहे. आई एक शब्द बोलत नाही. नुसतं दुसरं ताट घेते. वहीत नोंद होती: 'सत्तेचाळिसावं मिनिट. आई गप्प राहिली. शाबास.' थिएटरात इथं बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"शर्वरी, या आईला मुळात काय बोलायचं होतं?"

"चार मिनिटांचं बोलणं होतं. रडत रडत. मग एक ओवी. प्रतिमन जाम चिडलं होतं."

"मीही चिडलेच असते," इंदुमतीबाईंनी कबूल केलं. खोटं बोलायचं नव्हतंच. रझिया मात्र त्या चार मिनिटांत पदर भिजेपर्यंत रडली असती, ओवी पाठ करून घरी आली असती आणि 'तुझं काळीज हाय का काटा' म्हणून रस्ताभर भांडली असती. कुणीतरी मन लावून ते बोलणं लिहिलं होतं. कुणीतरी नटी ते बोलून मोकळी झाली होती. ते सगळं पुसून तिथं इंदुमती शेळकेची आवड चिकटवली होती.

त्यांनी पडद्याकडं पाहिलं. आई ताट घेत होती. नेमक्या त्यांना हव्या त्या क्षणी, हवा तेवढा वेळ. त्यांना किळस आली. ओढूनताणून आणलेली नव्हे, पोटातून आलेली. पुढचं दृश्य लागलं, त्याच्या पुढचं लागलं, आणि प्रत्येकात त्यांना तीच बाई दिसत राहिली, स्वतःच्याच पाठीवर शाबासकी देणारी.

जुळणी नऊ टक्के आली.

पोंक्षेंनी दोनदा आकडा वाचला. मग म्हणाले, "प्रतिमन चुकलेलं नाही. ताईंना जे कळलंय ते त्याला ठाऊक नाही, एवढंच. सांगून टाका त्याला. जुळणी परत नव्वदवर येईल."

"सर, जरा विचार..."

"सांगा म्हणतो ना!"

शर्वरीनं सांगितलं: तू इंदुमती शेळक्यांचं प्रतिमन आहेस, आणि हे सिनेमे तुझ्याच आवडीनं कापलेले आहेत. मग पोंक्षेंनी पुढच्या तीन महिन्यांत लागणारे बारा तयार सिनेमे प्रतिमनापुढं भराभर सोडले. बाराच्या बारा कडुनिंब. "बदला," पोंक्षे म्हणाले. यंत्रानं बदलले. बदललेले आणखी कडू लागले. पुन्हा बदलले. पहिल्यापेक्षाही कडू.

"बिघाड आहे," ते म्हणाले.

"बिघाड नव्हे ओ," इंदुमतीबाई म्हणाल्या. "वजनाची परीक्षा दुसऱ्या वजनाशी करतात. एकच वजन दोन्ही पारड्यांत ठेवलंत, तर काटा मधोमध राहील. पण त्यानं काही मोजलं, असं होत नाही. हे त्याला कळलंय आता. जितकं त्याच्या मनासारखं कराल तितकं ते चिडणार. न सांगावं तर ते मी नव्हे, म्हणजे शिक्का नाही. सांगावं तर ते मीच, म्हणजे तुमचा सिनेमा पास नाही. इकडं आड, तिकडं विहीर."

चाचणीचा शेवटचा प्रश्न उरला होता. नियमच होता तसा. दोघांना एकच विचारायचं: पुढच्या वर्षी काय पाहायला आवडेल? बाईंनी कागदावर उत्तर लिहून तो पालथा ठेवला. प्रतिमनाचं उत्तर पडद्यावर उमटलं.

'रझियाला बोलवा. तिला आवडेल ते लावा. मला आवडणार नाही.'

शर्वरीनं कागद उलटला. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'रझियाला आवडेल ते दाखवा. मी शिव्या घालीन.'

एकाहत्तर दृश्यं पुन्हा ताडली. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. केंद्राच्या इतिहासात एवढी जुळणी कधी झाली नव्हती. कायद्याप्रमाणं शिक्का द्यावा लागला आणि तो पोंक्षेंनी स्वतःच्या हातानं दिला. प्रतिमन अगदी खरं होतं आणि कुठल्याच कामाचं नव्हतं.

पाडव्याला यादी निघाली. डावी बाजू कोरी होती. उजव्या बाजूला एकाहत्तर नावं होती आणि खाली चार ओळी: 'यंदा माझी फसगत झाली आणि माझ्यामुळं तुमची. यांतला एकही सिनेमा मी पाहिलेला नाही, कारण तो कुणी मला दाखवलाच नाही. मी एकाहत्तर वेळा स्वतःला पाहून आले. ज्यांनी हे सिनेमे केले त्यांनी आपले न कापलेले सिनेमे लावावेत. मी तिकीट काढून येईन आणि वाईट असले तर वाईटच म्हणेन.'

निर्मात्यांना दुसरं करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. वैशाखात 'हरणीची शपथ' न कापता लागला. तीन तास वीस मिनिटं. त्यात अकरा गाणी होती, एक बोलणारी हरिणी होती आणि दोन वेळा मेलेला सासरा होता. दुपारच्या खेळाला थिएटर भरलं होतं. रझिया पहिल्या गाण्यापासून रडत होती. इंदुमतीबाई मांडीवर वही घेऊन अंधारातच लिहीत होत्या: 'नववं मिनिट, असह्य. चौदावं मिनिट, अरे देवा.'

बाहेर आल्यावर रझियानं नाक पुसलं. "कसा वाटला?"

"भिकार! असला भिकार पिच्चर मी दहा वर्षांत बघितला न्हाई. ती हरिणी बोलतीया काय, सासरा उठतोय काय..."

"तुला काळीजच न्हाई, इंदे."

"आन् तुला अक्कल न्हाई."

वीस मिनिटांच्या रस्त्याला त्या दिवशी पावणेतीन तास लागले.