अर्धा पेढा

वैशाखातली दुपार. रामदासपेठेतला रस्ता असा तापला होता की कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. मनोहररावमामा वर जेवायला गेलेले, आणि त्यांच्या औषधाच्या दुकानात गोपिका एकटीच. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून ती वळली, तर दारात एक उंच तरुण उभा! डोक्याला दुपट्टा, शर्टाच्या खिशातून डोकावणारा कांदा, आणि तोंडावर रुमाल... असा दाबून धरलेला, जणू गडी दुकान लुटायलाच आलाय.

"दात दुखून राहिला का?" तिनं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. नाही.

"मग रुमाल काढा. रुमालाले औषध देत नाही आम्ही."

त्यानं रुमाल खाली घेतला. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पाणीदार फोडांचा इवलासा घोस होता. गोपिकाला हसू आलं. फोडांचं नव्हे... एवढा धिप्पाड माणूस आणि शाळेतल्या पोरासारखा लाजलेला!

"हसा, हसा. सगळेच हसून राहिले," तो म्हणाला. "मुकादम म्हणतो पाल मुतली. शेजारचे नानाजी म्हणतात उष्णता आहे, गुलकंद खा. आईनं गेरू उगाळून लावला."

"अन् तुम्ही सगळंच करून घेतलं?"

"सगळे मायेनंच करून राहिले. कोणाचं मन कशाला मोडायचं?"

हे उत्तर तिला फार आवडलं. त्याचं नाव कृष्णकांत. शहराबाहेरच्या वाडीला गोदामांची बांधकामं चालली होती, त्यावर तो ओव्हरसियर होता, दिवसभर उन्हात उभा.

"ओठ उतला आहे, जर म्हणतात याला," गोपिका म्हणाली. फार्मसीची पदवी नुकतीच हातात आलेली, आणि असं भाबडं गिऱ्हाईक रोज थोडंच मिळतं! "बिचाऱ्या पालीचा यात काही दोष नाही. हा विषाणू असतो. एकदा अंगात शिरला की नसेत निजून राहतो. ऊन, ताप, जागरण, काळजी, काहीही झालं की उठतो."

"म्हणजे हा कायमचा जावा असं औषध नाही?"

"अजून तरी नाही. फोड आपले आपण सुकतात. तोवर बर्फ फडक्यात गुंडाळून धरा, हे बोरोग्लिसरीन लावा, खपली धरली की व्हॅसलीन. नख लावू नका. बोट लागलंच तर हात धुवा, तेच बोट डोळ्याला लागलं तर पंचाईत होईल. कांदा तुम्ही लू लागू नये म्हणून ठेवता, पण ओठासाठी मोठ्या काठाची टोपी घ्या. पेला, टॉवेल वेगळा. आपलं उष्टं कोणाला द्यायचं नाही. आणि लहान लेकरांचा..." ती थांबली.

"लेकरांचा काय?"

"मुका घ्यायचा नाही," ती बाटलीकडे बघत म्हणाली.

"फक्त लेकरांचाच?"

गोपिकाचे कान तापले. "कोणाचाच!"

तोही बावरला. मग उगाच गंभीर होऊन म्हणाला, "आणि फोड दिसायच्या आधी... चालतं?"

"ओठाला मुंग्या आल्या, चुणचुणलं, की तेव्हापासूनच नाही."

"मला कोणी दिला असेल हा?"

"बहुतेकांना लहानपणीच मिळतो. आईनं, मावशीनं मायेनं मुका घेतलेला असतो, झालं."

तो उतलेल्या ओठानंच हसला. "आईलाही उततो अधूनमधून. म्हणजे मायेचाच आहे म्हणायचा! मग राहू दे."

असा माणूस गोपिकानं पाहिला नव्हता. दुखण्यातसुद्धा त्याला आईची माया दिसली, आणि ती मात्र तो गेल्यावर कितीतरी वेळ ताटीवर पाणीच मारत बसली.

ओठ बरा झाला तरी गिऱ्हाईक तुटलं नाही. मोठ्या काठाची टोपी घालून तो यायचा. वाडीला कोणाच्या ना कोणाच्या अंगठ्यावर रोज हातोडा पडायला लागला होता, नाहीतर एवढा कापूस आणि आयोडीन कशाला लागलं असतं? मामा मिशीतल्या मिशीत हसत आणि वर जेवायला जरा जास्तच वेळ लावत. ओठ उतणार असला की कृष्णकांत करंगळीनं ओठाचा कोपरा चाचपायचा, त्याचं त्यालाही कळायचं नाही. गोपिका तेवढ्यावरून बाटली काढून ठेवायची. त्या दिवसांत तो चहाचा कप घरून आणायचा आणि दाराशी खेळणाऱ्या पोरांनाही लांबूनच हसायचा. तिनं सांगितलेलं त्यानं एकदाही टाळलं नाही. माणूस आपला शब्द इतका जपतो, हे बघून तिचं मन त्याच्याकडे केव्हा गेलं... तिलाच उमगलं नाही.

संत्री बाजारात आली तेव्हा एका संध्याकाळी तो पायरीवरच घुटमळला.

"गोपिका... दुकानात यायची कारणं संपली माझी."

"मग कारणाशिवाय या," ती म्हणाली.

एवढं सोपं. पण पुढचं सोपं नव्हतं. कृष्णकांताचं घर महालातलं, भोसल्यांच्या काळापासूनचं, सोवळ्याओवळ्याचं. गोपिकाचे वडील रुपराव काटोलकडचे कुणबी, संत्र्याच्या बगीच्याचे धनी. कृष्णकांताच्या आईनं, सुमतीबाईंनी, 'हो' म्हणायला सहा महिने घेतले. त्यानंतर त्या काटोलला येऊन गेल्या, पण खाल्लं ते फक्त एक संत्रं. रुपरावांच्या मनात ते रुतून बसलं.

"तोंडानं हो म्हणणं सोपं असते, पोरी," ते म्हणाले. "तू त्यांच्या घरात परक्यावाणी राहशीन, तर हे मले नाही चालत. साक्षगंधाले आपली रीत होईन. त्यात मागंपुढं झालं, तर तिथंच सुपारी परत."

साखरपुड्याची ही रीत साधी होती. नवऱ्या मुलानं पेढा अर्धा खायचा, उरलेला मुलीनं. मग मुलीनं अर्धा, उरलेला मुलानं. एकमेकांचं उष्टं खाल्लं की घर एक झालं.

साक्षगंधाच्या दिवशी मांडव भरला होता. गोपिकाच्या प्रेमिलावहिनीनं पेढा कृष्णकांतापुढे धरला. "घ्या जी भाऊजी! आता लाजून चालते का?"

त्यानं पेढा घेतला, तोंडाशी नेला... आणि खाली ठेवला.

"हे... आज राहू द्या," तो पुटपुटला.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. रुपराव सावकाश उठले. "काहून गा? आमच्यासंगं उष्टं चालत नाही तुमाले?"

शेवटी हाही तसलाच? गोपिकानं डबडबल्या डोळ्यांनी वर पाहिलं, आणि तिला त्याची करंगळी दिसली. ओठाच्या कोपऱ्यावर. फोड नव्हता, काही नव्हतं... पण आठवडाभराचं जागरण आणि आजची काळजी. मुंग्या आल्या होत्या! भर मांडवात हे सांगितलं तर लोक मुलाला रोगट म्हणतील. म्हणून अपमान गिळून तो उभा होता, कशासाठी, तर तिच्या ओठासाठी.

"बाबा," ती उठली. "यांचं उष्टं आज मीच खाणार नाही. यांचा ओठ उतणार आहे. अशा वेळी उष्टं द्यायचं नाही, हे मीच शिकवलं यांना. माझं मात्र त्यांनी खुशाल खावं."

आणि दुसरा पेढा उचलून तिनं अर्धा खाल्ला, उरलेला पुढे केला. कृष्णकांतानं हात लांबवला, पण त्याच्या आधी दुसराच एक हात आला. सुमतीबाईंचा. त्यांनी तो अर्धा पेढा सगळ्यांदेखत तोंडात टाकला.

"हे दुखणं माझंच आहे, रुपरावजी," त्या म्हणाल्या. "मीच तो लहान असताना मुके घेऊन दिलं त्याला. आणि माझ्या मुलाला इतकी जपणारी मुलगी तुम्ही देताय... तिचं उष्टं आधी मलाच नको का?"

रुपरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "आता झालो आपण सोयरे," ते म्हणाले, आणि मांडवात एकच गलका उठला.

"आई, तो पेढा माझा होता!" कृष्णकांत कळवळून म्हणाला, तेव्हा तर हसून हसून प्रेमिलावहिनीच्या हातातलं ताट कलंडायचं राहिलं.

त्या गलक्यात तो गोपिकाजवळ सरकला. "माझ्या पेढ्याचं काय?"

"ठेवा जपून. ओठ बरा झाला की बघू."

"फक्त पेढाच?"

गोपिकाचे कान पुन्हा तापले. पण या वेळी ती 'कोणाचाच' म्हणाली नाही.