डाव्या बाजूचा क्रँक

त्या सायकलीला आधी हात मी लावला होता. देवळात उभी राहून सांगायला तयार आहे.

अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर होता. आचोळ्याच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे पत्रे, पंखे आणि फुटक्या बादल्यांच्या ढिगात एक जुनी विलायती सायकल आडवी पडली होती. चाकं नाहीत, सीट नाही, हँडल वाकडं. पण डाव्या बाजूचा क्रँक — म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल बसतं तो लोखंडी दांडा — अगदी शाबूत! मी ओढणी कमरेला खोचली, वाकले, क्रँक धरला... आणि पलीकडून आणखी एका हाताने तोच क्रँक धरला.

लांब बोटं, तर्जनीवर शाईचा डाग. वर पाहिलं तर चष्मा, आणि चष्म्यामागे फारच शांत डोळे. भांडायची तयारी करून आलेल्या बाईला असे डोळे दिसले की तिची पंचाईत होते.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा. मी कालच सांगून गेलोय यांना."

"नुसतं सांगून काय होतं? न्यायचा होता ना काल!"

"काल पान्यांचा सेट आणला नव्हता."

"मग आज माझा नंबर."

भंगारवाला पंख्याची तांब्याची तार सोडवत बसला होता. त्याने मान वर न करता निकाल दिला, "दोनों मिलके ले जाव. मेरे को क्या!"

माझी सायकल आत्याची, तीही विलायती. तीस वर्षं ती त्याच सायकलीवरून शाळेत शिकवायला गेली. तिचे गुडघे गेले आणि सायकल माझ्याकडे आली. मीही उमेळ्याहून वसई गावातल्या शाळेत शिकवायला जायचे. आता हिचा क्रँक गेला होता आणि देशी क्रँक हिच्या अ‍ॅक्सलवर बसत नव्हता. वसईपासून विरारपर्यंत एकही सायकलवाला मी सोडला नव्हता. सगळ्यांचं उत्तर एकच, "बाई, नवीन घ्या." नवीन घ्या म्हणणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो.

शेवटी आम्ही ती सायकल रिक्षात कोंबली आणि पापडीच्या अँथनी अंकलच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो. ते सांगतील तसं करायचं, असं ठरलं.

"तुमचा कसा गेला?" त्याने रिक्षात विचारलं. नाव कौस्तुभ. घर आचोळ्याला, मूळचा देवरुखचा, वालीवच्या एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचा. त्याची सायकल मामांची होती, देवरुखहून एस.टी.च्या टपावरून आलेली.

"ट्रकने धडक दिली," मी म्हणाले.

"अरे बापरे! लागलं का तुम्हाला?"

"मी... नव्हते सायकलवर. तुमचा?"

"गंजला."

"एवढा जाड दांडा गंजला?"

"आचोळ्याचं पाणीच तसं आहे हो," तो बाहेर बघत म्हणाला.

अँथनी अंकलनी आम्ही मापासाठी सोबत आणलेले दोघांचे जुने क्रँक हातात घेतले, उजेडाकडे धरले, आणि एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"ट्रक काय, गंज काय! नवीन पेडल आणली आणि घरीच बसवायला घेतली ना? उजवं पेडल डावीकडे लावलंय दोघांनी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, बाय! ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. तुम्ही उजवं घेतलं, बसेना म्हणून पान्याने पिळलं, आणि क्रँकचे आटे खाऊन टाकले."

कौस्तुभचे कान लाल झाले होते. माझे काय झाले होते देव जाणे.

"ट्रक किती मोठा होता?" त्याने हळूच विचारलं.

मला असं हसू फुटलं की शेजारच्या पानवाल्याने डोकावून पाहिलं.

अंकलनी तोडगा काढला. क्रँक एक, सायकली दोन. एक आठवडा माझा, एक त्याचा. दर शनिवारी संध्याकाळी दोघांनी सायकली घेऊन यायचं. ते एका सायकलीची कॉटर पिन, म्हणजे दांडा अडकवणारी खीळ, ठोकून क्रँक काढणार आणि दुसरीला बसवून देणार. "दुसरा मिळेपर्यंत," अंकल म्हणाले.

मग शनिवार सुरू झाले. ज्याची पाळी संपली तो सायकल चालवत यायचा, ज्याची सुरू व्हायची तो ढकलत. अंकल हातोडी घेऊन बसायचे आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. मी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, न्यायचे. वसईची सुकेळी त्याने आधी कधी खाल्ली नव्हती. पहिल्या शनिवारी त्याने एक घेतलं. तिसऱ्या शनिवारी डबा रिकामा झाला.

"देवरुखला उपास असतात वाटतं?" मी विचारलं.

"देवरुखला फणसपोळी असते. तुम्हाला आणून दिली तर डबा सोडायच्या नाहीत."

"आधी आणा, मग बोला."

चौथ्या शनिवारी त्याने फणसपोळी आणली. मी डबा सोडला नाही. त्याच दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं... कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तो कमी बोलायचा, पण मी एका शनिवारी काय म्हणाले होते ते त्याला पुढच्या शनिवारी आठवायचं. माझ्या वर्गातल्या मुलांची नावं त्याला पाठ झाली. एकदा बोलता बोलता त्याने अंकलच्या बिलाच्या मागे माझ्या सायकलीचं चित्र काढलं, घंटीवरच्या पोच्यासकट. ते मी पर्समध्ये ठेवलं. मला तो आवडायला लागला होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अवघड.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी पंक्चर काढायला गेले, तेव्हा अंकलनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. "निर्मळच्या एकाने जुनी सायकल टाकली. घे, डावा क्रँक! सुटलात दोघं."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुसरा क्रँक मिळाला, म्हणजे शनिवार संपले.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले.

"सांगशील ना?"

"सांगते म्हणजे काय, सांगणारच!"

तो क्रँक मी घरी नेला आणि ट्रंकेत, आईच्या पैठणीखाली ठेवला. त्या शनिवारी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. अंकल हातोडी मारता मारता माझ्याकडे बघायचे आणि मी पापडीच्या तलावाकडे बघायचे.

मुलांना मी रोज शिकवत होते, खोटं बोलू नये म्हणून!

तिसऱ्या शनिवारी कौस्तुभ सायकल ढकलत आला तो लंगडत. त्याची क्रँक नसलेल्या आठवड्याची तऱ्हा मला माहीत होती. आचोळ्याहून वालीवला चालत जायचं आणि चालत यायचं. टाचेला मोठा फोड आला होता.

"रिक्षा करायची ना रे!"

"मिळते कुठे सकाळी... ते जाऊ दे. या आठवड्यातही क्रँक तूच ठेव. तुझ्या शाळेचे खेळ आहेत ना? लवकर जावं लागेल."

"पाळी तुझी आहे."

"असू दे. आणि उद्या मी भिवंडीला जातोय. तिथे जुन्या सायकलींचं गोदाम आहे म्हणे. गेल्या रविवारी पालघर पालथं घातलं, काही मिळालं नाही. उद्या नक्की आणतो बघ दुसरा."

अंकलची हातोडी थांबली. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. इतकी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याला सांगितलं तर तो रागावणार, आणि रागावायलाच हवा. नाही सांगितलं तर तो फोड आलेल्या पायाने गावोगाव हिंडणार, माझ्या ट्रंकेत असलेली वस्तू शोधत! पहिल्यात तो जाणार होता. दुसऱ्यात मीच माझ्या मनातून उतरणार होते.

सकाळी मी पैठणी उचलली, पुडकं कॅरिअरला बांधलं आणि वसई रोड स्टेशनकडे सायकल हाणली. भिवंडीवरून दिव्याला जाणारी गाडी फलाटावर लागली होती. रविवार असल्यामुळे माणसं तुरळक. कौस्तुभ एका डब्याच्या दारापाशी उभा होता, खांद्याला पिशवी, हातात भिवंडीचं तिकीट.

"तू? काय झालं?"

मी पुडकं पुढे केलं. त्याने कागद उलगडला. क्रँक पाहिला, उलटा करून आटे पाहिले. चेहरा उजळला.

"हा कुठे मिळाला?"

"अंकलनी दिला."

"आज?"

"नाही." मी क्रँककडे बघत सांगितलं. "तीन शनिवार झाले. मी लपवून ठेवला होता."

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. "म्हणजे पालघरला मी..."

"हो."

"आणि हे पाय..."

"हो. तू वाटेल ते बोल. पण मी का लपवला ते ऐकून घे. दुसरा क्रँक मिळाला की तू शनिवारी येणार नाहीस, म्हणून लपवला. मला क्रँक नको होता, मला शनिवार हवे होते. तू हवा होतास. आता जा भिवंडीला, नाहीतर घरी जा. मी सांगून टाकलं."

गाडीने शिट्टी दिली. तो हलला नाही. गाडी सुटली, एकेक डबा आमच्या शेजारून गेला, आणि समोरचे रूळ मोकळे झाले तरी तो क्रँककडेच बघत होता.

"मला राग आलाय," तो शेवटी म्हणाला.

"दिसतंय."

"खरंच आलाय, हेमांगी. काल टाच बघूनसुद्धा बोलली नाहीस."

"हो. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते."

तो बाकावर बसला. मी उभीच राहिले.

"मी हा एवढा का शोधत होतो, माहितेय?" त्याचा आवाज खाली आला. "शाळेच्या खेळांसाठी नाही. तू दर शनिवारी येतेस ती क्रँकसाठी की माझ्यासाठी, तेच मला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, एकदा दुसरा मिळाला की तुझ्या हातात देईन... आणि पुढच्या शनिवारी बाकावर येऊन बसेन. तू आलीस तर कळेल. नाही आलीस तरी कळेल."

माझे डोळे भरून आले. आम्ही दोघं एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना बसलो होतो. मी क्रँक लपवत होते आणि कौस्तुभ उत्तर शोधत गावं पालथी घालत होता.

"मग कळलं का?" मी विचारलं.

"कळलं." त्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. मी बसले. त्याचा हात माझ्या हातावर आला. "येत्या शनिवारी येशील?"

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? आईला सांगून आलेय, आज जेवायला घरी नाही म्हणून."

"म्हणजे मी रागावून जाणार नाही, याची खात्री होती तुला?"

"मुळीच नव्हती," मी म्हणाले. "तू गेला असतास, तर मला तसंही जेवण गेलं नसतं."