देफ्नेचा आवाज

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण मी लेइरेला ओळखतो. साधी थाप मारायची म्हटली तरी तिचे कान लाल होतात.

हे सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

गाव विदरस्टो, इंग्लंड. गेल्या नोव्हेंबरमधला गुरुवार. म्हणजे बाजाराचा दिवस. पण धुकं असं उतरलं होतं की चीजवाले, मासेवाले दुपारीच गाशा गुंडाळून गेले.

लेइरे स्पेनमधल्या बिल्बाओची, इंग्रजी शिकायला आलेली. मी भाड्याने राहतो त्याच डल्सीबाईंच्या घरात वरच्या खोलीत असायची. तिच्या खोलीत देफ्ने, इझमीरची, सतरा वर्षांची. पोरीला सोडायला आलेली आई जाताना लेइरेचा हात धरून रडली होती.

"एकुलती एक आहे गं. तुझ्या भरवशावर सोडतेय."

शाळा सुटल्यावर या गावात करायचं काय? बदकांना दाणे घालून झाले. म्युझियममधलं पेंढा भरलेलं पाणमांजर बघून बघून पाठ झालं. आणि इंग्रजी बोलायला माणूस मिळेल तर शपथ!

डल्सीबाई म्हणाल्या, "मग चर्चच्या मनोऱ्यात जा की! घंटा वाजवणाऱ्यांना माणसं कमीच पडतात. आणि बडबडे असे, कान किटतील तुमचे."

संध्याकाळी दोघी गेल्या.

गोल जिना. वर एक खोली. छतातून खाली आलेले दोर.

"या या!" म्हातारा सिरिल ओरडला. तो तिथला म्होरक्या. "तुर्कस्तान आणि स्पेन! आता आमचा ठेका दोन देशांत चुकणार!"

"स्पेन नाही, बास्क मुलूख," लेइरे म्हणाली.

"तीन देशांत!"

"लक्ष देऊ नका पोरींनो," बेरिल म्हणाली. तीही म्हातारी, दोर धरून उभी. "जन्म गेला याचा वाजवण्यात, अजून याचा ठोका माझ्या ठोक्यावर आदळतो."

खूप हसल्या दोघी. सिरिलने लेइरेला ग्रॅहम नावाच्या वाजवणाऱ्याशेजारी एका दोराशी उभं केलं. देफ्नेला सर्दी झाली होती, ती मागच्या बाकावर बसली.

थोडं वाजवून चहाची सुट्टी झाली.

सिरिल सांगू लागला, "घंटा आता वर तोंड करून उभ्या आहेत. दोर जरा ओढला की अख्खं धूड गरकन फिरतं. त्या वेळी वर कुणी असलं तर..."

त्याने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

"असं."

म्हणून त्यांचा एक रिवाज. पुन्हा सुरू करण्याआधी सिरिल एकेकाचं नाव घेतो. सगळ्यांची नजर दोरावर. कुणी मान वळवत नाही. आवाज आला की झालं.

"बेरिल?"

"आहे."

"ग्रॅहम?"

"आहे रे बाबा."

"लेइरे?"

"आहे."

"देफ्ने?"

...

"आहे."

मागून आला आवाज. देफ्नेचाच. सर्दीने चोंदलेला.

सिरिलने दोर घट्ट धरला. "सावध..."

लेइरे सहज मागे वळली. देफ्नेकडे बघून हसायला.

बाक रिकामा होता.

लेइरे किंचाळली. इंग्रजी विसरली, स्वतःच्या भाषेत किंचाळली. बेरिलचा दोर हलायला लागला होता. वर काहीतरी... करकरलं.

"थांबवा!" सिरिल ओरडला.

बेरिलने अंगाचा भार टाकून दोर आवरला. वरची करकर थांबली.

घंटांकडे जायच्या शिडीचं दार कुलूपबंद. किल्ली सिरिलच्या पट्ट्याला. ग्रॅहमने ती ओढून घेतली आणि कुलूप उघडलं.

टॉर्च मारला.

दोन घंटांच्या मधोमध, अगदी फटीत... देफ्ने बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. हसत होती.

"अगं, किती वेळ?" ती लेइरेला म्हणाली. "तूच हाक मारलीस ना वरून? आले तर म्हणालीस, इथेच बस. हलू नकोस."

ग्रॅहमने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

उतरताना बेरिलने लेइरेचं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "त्या बाकावर आम्ही कुणाला बसवत नव्हतो, पोरी. पाहुणे यायचेच बंद झाले... मग विसरलो."

"का बसवत नव्हता?"

बेरिलने मनगट सोडलं. भराभर जिना उतरली.

त्याच आठवड्यात दोघी आपापल्या घरी गेल्या. वाटलं, संपलं.

आज दुपारी लेइरेला फोन आला. देफ्नेचा आवाज.

"मी विदरस्टोला आलेय. तूही ये ना. चर्चपाशीच उभी आहे."

लेइरे म्हणाली, "कॅमेरा लाव. तोंड दाखव."

"कॅमेरा बिघडलाय गं."

"देफ्ने, तोंड दाखव!"

फोन बंद.

तिने लगेच देफ्नेच्या आईला फोन लावला. आई खुशीत होती.

"देफ्ने ना? सकाळीच गेली इंग्लंडला. तूच बोलावलंस म्हणे. रात्री फोनवर किती हसत होतात दोघी!"

लेइरेने फोन केलाच नव्हता.

ती आता विमानात आहे. मी गावातच, म्हणून मला म्हणाली, पळ, चर्चपाशी बघ.

मी इथूनच टाइप करतोय. बाहेर कुणी नाही. मनोऱ्याला कुलूप आहे. सिरिलला फोन केलाय, तो किल्ली घेऊन निघालाय.

दाराला कान लावला तर आत कुणीतरी शिंकलं. मुलगीच आहे.

देफ्ने असेल तर माझी हाक ऐकून खाली येईल.

पण ती नसेल तर... आत जे आहे त्याला माझाही आवाज मिळेल.

हाक मारू की नको, तेच कळत नाहीये.